सोळा आणे माती, कोट्यवधींची दलदल

१८३५ च्या सुमाराला इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट हे दोन ब्रिटिश अधिकारी गावोगावच्या जमिनी तपासत हिंडत होते. त्याआधी प्रिंगल या अधिकाऱ्याने केलेली आकारणी फसली होती. सारा इतका जड झाला होता की लोक शेतं टाकून निघून जात होते. नव्या जोडगोळीने पद्धत सुटसुटीत केली. मातीचा रंग आणि खोली पाहायची, तिची प्रत ठरवायची, मग चुनखडी, वाळू, उतार, पाण्याने वाहून जाण्याचा धोका असे दोष वजा करायचे. खोल काळ्या मातीला सोळा आणे आणि तिथून खाली उतरती भाजणी. पुढे जवळजवळ साऱ्या मुंबई इलाख्यात हीच रीत रूढ झाली. आजच्या सात-बाऱ्यावर ‘आकार’ म्हणून जे चार-दोन रुपये आणि पैसे दिसतात, त्यांचं मूळ या मोजणीत आहे.

आता मुंबईत येऊ. माहीमच्या खाडीलगत, मिठी नदीच्या काठी चिखल आणि दलदलीचा एक मोठा पट्टा होता. विंगेटच्या माणसांनी त्याला एक आणाही दिला नसता. तिथे भराव टाकून वांद्रे-कुर्ला संकुल उभं राहिलं. याच संकुलातला सुमारे तीन एकरांचा एक भूखंड २०१९ मध्ये एका जपानी कंपनीने मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडून (एमएमआरडीए) दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने घेतला. किंमत होती सुमारे २,२३८ कोटी रुपये. म्हणजे एकराला साधारण ७४५ कोटी, आणि तेही मालकी न मिळता.

सोळा आण्यांच्या इंदापूरला मागे टाकून दलदल एवढी महाग कशी झाली? ‘मुंबई आहे म्हणून’ हे उत्तर खोटं नाही, पण त्यातून काहीच कळत नाही. रिकाम्या जमिनीला स्वतःचं असं उत्पन्न जवळजवळ नसतं. तिचा भाव म्हणजे ती उद्या काय होऊ शकेल याचा अंदाज. हा अंदाज पाणी, अंतर, नियम आणि हक्क या चार गोष्टींवर बांधलेला असतो आणि या चारांपैकी बहुतेकांचा निर्णय जमिनीच्या बांधाबाहेर होतो.

पाणी : एकास तीन

शेतजमिनीपासून सुरुवात करू, कारण तिथे हिशोब सर्वांत सरळ आहे. १९६१ च्या कमाल जमीन धारणा कायद्यात जमिनीचा एक सरकारी विनिमय दरच दडलेला आहे. सध्याच्या तरतुदींनुसार बारमाही खात्रीचं पाणी असलेली जमीन एका कुटुंबाला १८ एकरांपर्यंत ठेवता येते, एका पिकापुरतं खात्रीचं पाणी असेल तर २७ एकर, हंगामी पण बिनखात्रीचं पाणी असेल तर ३६ एकर आणि कोरडवाहू असेल तर ५४ एकर. थोडक्यात, एक एकर बारमाही बागायत म्हणजे तीन एकर जिरायत.

बाजार हे गुणोत्तर जसंच्या तसं पाळत नाही, पण दिशा तीच असते. सांगली जिल्ह्यात कृष्णाकाठच्या वाळव्याची उसाची जमीन आणि पूर्वेकडच्या जत-आटपाडीचं माळरान यांत पिढ्यान्‌पिढ्या मोठी तफावत राहिली. ताकारी, म्हैसाळ, टेंभू या उपसा योजनांचं पाणी जसजसं पूर्वेला सरकलं, तसतसे त्या माळांचे भावही हलले. माती तीच होती, पाऊसही तेवढाच. पण कालव्याचा नकाशा बदलला. ‘लाभक्षेत्रात आहे’ एवढ्या एका वाक्याने व्यवहाराची बोली वर जाते ती यामुळे.

पाण्याचा हिशोब उलटाही फिरतो. शिरोळ आणि मिरज तालुक्यांत कृष्णा-वारणेच्या काठाला वर्षानुवर्षं पाटाचं पाणी मुबलक मिळालं, निचरा मात्र झाला नाही. हजारो एकर जमीन क्षारपड झाली. एके काळी जिच्यासाठी भाऊबंदकीत डोकी फुटली असती, तिला आता गिऱ्हाईक शोधावं लागतं. आणखी उतारावर, नदीला चिकटून असलेल्या जमिनींवर पूररेषा येतात. निळ्या रेषेच्या आत बांधकाम जवळपास बंद आणि निळ्या व लाल रेषेच्या मध्ये अटींसह परवानगी. पिकासाठी नदीकाठ हा गुण, घरासाठी तोच दोष. वापर बदलला की गुण-दोषांची यादीच बदलते.

अंतर : किलोमीटर नव्हे, वाट

१८२६ मध्ये उत्तर जर्मनीतल्या योहान हाइनरिश फॉन थ्यूनेन या जमीनदाराने एक साधा विचार मांडला. सगळीकडे माती सारखीच आहे असं धरलं, तरी बाजाराच्या शहरापासून जसजसं दूर जावं तसतसा माल वाहून नेण्याचा खर्च वाढतो आणि जमिनीमागे राहणारी रक्कम घटते. म्हणून शहरालगत भाजी आणि दूध, त्यापुढे धान्य, शेवटी गुरं. आपल्याकडे विंगेटलाही हे कळलं होतं. मातीची प्रत ठरवल्यावर गावांचे गट पाडताना तो पाऊसमान आणि बाजाराची जवळीक यांचा विचार करून दर लावत असे.

मात्र आजचं अंतर कागदी नकाशावर पट्टीने मोजून चालत नाही. समृद्धी महामार्गाचं उदाहरण घ्या. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटर, दहा जिल्हे, पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये आणि शेवटचा जून २०२५ मध्ये खुला झाला. पण हा प्रवेश-नियंत्रित रस्ता आहे. ठरावीक इंटरचेंजवरच त्यावर चढता-उतरता येतं. त्यामुळे ‘समृद्धीला लागून’ असलेली जमीन इंटरचेंजपासून वीस किलोमीटरवर असेल, तर तिच्या मालकाला गाड्यांचा आवाज तेवढा मिळतो. काही ठिकाणी तर रस्त्याने शेताचे दोन तुकडे पाडले आणि पलीकडे जायला वळसा पडू लागला. उलट इंटरचेंजजवळची, महामार्गाला थेट न लागलेली जमीनही गोदामासाठी किंवा हॉटेलसाठी शोधली जाते.

सर्वांत छोट्या मापावरही हेच दिसतं. एकाच गटातल्या दोन शेजारच्या शेतांपैकी एकाला गाडीवाट आहे आणि दुसऱ्याला लोकांच्या बांधावरून जावं लागतं, तर दुसऱ्याचा भाव निम्म्यावर येऊ शकतो. मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ आणि जमीन महसूल संहितेचं कलम १४३ यांखाली वाटेचे दावे तहसीलदारापुढे वर्षानुवर्षं चालतात. ते हट्टापोटी असतीलही, पण त्यामागे ही किंमतही असते.

उरेल ते जमिनीचं

शेतातून गावठाणाकडे आणि तिथून शहराकडे आलं की पिकाचा हिशोब संपतो आणि चौरस फुटांचा सुरू होतो. इथलं गणित फारसं कोणी उलगडून सांगत नाही, पण प्रदेशाप्रदेशांतल्या प्रचंड तफावतीचं मुख्य कारण तेच आहे. बिल्डर जमिनीचा भाव मुळापासून ठरवत नाही, तो शेवटून मोजत येतो. इमारत विकून किती येतील, त्यातून बांधकाम, शुल्क, व्याज आणि नफा वजा केला की जे राहील तेवढंच जमिनीला देता येतं.

समजण्यासाठी आकडे धरू. एका भूखंडावर १०,००० चौरस फूट बांधता येतं आणि ते ६,००० रुपयांनी विकलं जातं. हाती आले ६ कोटी. नफ्यासकट सगळा खर्च साडेचार कोटी. जमिनीला राहिले दीड कोटी. आता तेवढाच भूखंड एखाद्या तालुक्याच्या गावी घ्या, जिथे विक्रीचा दर ४,७०० रुपये आहे. सिमेंट, लोखंड आणि लिफ्ट तिथेही जवळजवळ त्याच दराने येतात, म्हणून खर्च तोच धरू. ४ कोटी ७० लाखांतून साडेचार कोटी गेले, उरले २० लाख. घरांच्या दरात फरक सव्वा पटीहून थोडा जास्त, जमिनीच्या भावात साडेसात पट. मोठ्या शहरात दर ३०,००० असेल आणि उंच इमारत, शुल्कं व व्याज धरून खर्च १२ कोटींवर गेला, तरी जमिनीला १८ कोटी राहतात. पहिल्या उदाहरणाच्या तुलनेत घर पाचपट महाग, जमीन बारापट.

हेच गणित तेजी-मंदीचंही कोडं सोडवतं. पहिल्या उदाहरणात घरांचे दर १० टक्क्यांनी वाढले आणि खर्च तेवढाच राहिला, तर जमिनीचा वाटा दीड कोटीवरून २ कोटी १० लाख होतो, म्हणजे ४० टक्के वाढ. दर १० टक्क्यांनी पडले तर तो ९० लाखांवर येतो. चढ-उताराचा जवळजवळ सगळा धक्का जमीनच सोसते. बाजार थंडावला की फ्लॅटचे भाव थोडे घसरतात, पण प्लॉटला मात्र विचारणाराच राहत नाही, असं जे चित्र दिसतं ते यातून येतं. छोट्या गावांच्या बाहेर चार-चार किलोमीटरवर फ्लेक्स लावून विकलेले प्लॉट वर्षानुवर्षं तारेच्या कुंपणात पडून असतात, तेही यामुळेच. तिथे बांधणं शक्य असतं, पण बांधून काही उरत नसतं.

नियमाची रेघ

वरच्या उदाहरणात १०,००० चौरस फूट हा आकडा गृहीत धरला होता. प्रत्यक्षात तो सरकार ठरवतं. मुंबई वगळता राज्याच्या बहुतेक भागाला डिसेंबर २०२० मध्ये एकत्रित नियमावली लागू झाली. तिच्यानुसार महापालिका हद्दीत, दाट वस्तीबाहेर, निवासी भूखंडाचा मूळ चटई निर्देशांक म्हणजे एफएसआय १.१ आहे. समोरचा रस्ता ९ मीटरपेक्षा अरुंद असेल तर तिथेच थांबावं लागतं. रस्ता ९ मीटरचा असेल तर शुल्क भरून आणि टीडीआर, म्हणजे हस्तांतरणीय विकास हक्क, घेऊन साधारण २ पर्यंत जाता येतं, रस्ता रुंद होत गेला की आणखी वर. एकाच आळीतल्या दोन सारख्या भूखंडांच्या किमती रस्त्याच्या दीड मीटरने वेगळ्या होतात, त्या अशा.

विकास आराखड्यातला रंगही तसाच काम करतो. निवासी पिवळ्या पट्ट्यात आलेली जमीन आणि रेघेपलीकडे शेती विभागात राहिलेली जमीन यांत पीक एकच असतं, भाव निराळा असतो. शाळेचं, बागेचं किंवा रस्त्याचं आरक्षण पडलं तर भाव कोसळतो. कोकणच्या किनाऱ्यावर भरतीरेषा ही अशीच रेघ. २०१९ च्या सागरी अधिसूचनेत दाट वस्तीच्या ग्रामीण भागात बांधकामबंदीचा पट्टा ५० मीटरचा, विरळ वस्तीत २०० मीटरचा. समुद्र दिसणाऱ्या जागेचं मोल जिथून सर्वाधिक, तिथेच घर बांधायला मनाई, असा पेच त्यातून होतो. पूर्व विदर्भात झुडपी जंगल म्हणून नोंदलेल्या सुमारे ८६ हजार हेक्टर जमिनी वनच आहेत, यावर सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये शिक्कामोर्तब केलं. डोळ्यांना त्या ओसाड दिसतील, पण बाजाराच्या दृष्टीने त्या बाजारातच नाहीत. गोव्यात २०२३ च्या कायद्याने भातशेती फक्त शेतकऱ्यालाच विकता येते. शेजारची ‘सेटलमेंट’ विभागातली जागा मात्र दिल्ली-मुंबईचे ग्राहक घेऊ शकतात.

नियमाची ताकद सर्वांत मोठ्या प्रमाणावर दिसली ती गिरणगावात. १९९१ च्या विकास नियमावलीतल्या ५८ व्या नियमानुसार गिरण्यांच्या जागेचा विकास करताना तिचे तीन वाटे व्हायचे : एक शहराच्या मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाच्या घरांसाठी आणि एक मालकाचा. २००१ मध्ये नियम बदलला. ही वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जागेची, शेड पाडून मोकळ्या होणाऱ्या जागेची नाही. गिरणीच्या आवारात तशी मोकळी जागा असून असून किती असणार? उच्च न्यायालयाने २००५ मध्ये याविरुद्ध निकाल दिला, सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००६ मध्ये तो फिरवला. शेकडो एकरांवरचा मालकांचा वाटा वाढला, शहराचा आणि गिरणी कामगारांच्या घरांचा घटला. एक वीटही न हलता मध्य मुंबईतल्या जमिनीच्या किमतीची फेरवाटणी झाली.

घेणारा कोण?

पाणी, रस्ता आणि पट्टा सारखाच असला, तरी कागद वेगळा असेल तर भाव वेगळा. याचं कारण सोपं आहे : कागद ठरवतो की ती जमीन किती जण घेऊ शकतात. कुळकायद्याच्या ६३ व्या कलमामुळे शेतजमीन घ्यायला मुळात शेतकरी असावं लागतं. सात-बाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग २’ असेल, म्हणजे वतनाची, सरकारने दिलेली किंवा अशीच अटींची जमीन असेल, तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणि नजराणा आला. कुळकायद्यात मिळालेल्या जमिनीला १० वर्षं झाली असतील, तर २०१४ च्या दुरुस्तीनंतर आकाराच्या ४० पट रक्कम भरून वाट मोकळी होते. आदिवासींची जमीन बिगर-आदिवासीला सहजी घेता येत नाही. त्या संरक्षणाची किंमत मालक कमी भावाच्या रूपाने मोजतो, पण ते संरक्षण नसतं तर त्याच्याकडे जमीनच उरली नसती, याचाही इतिहास आहे. एमआयडीसीचे भूखंड ९५ वर्षांच्या आणि सिडकोचे ६० वर्षांच्या भाडेपट्ट्याने मिळतात. तिथे मुदत किती उरली हाही भावाचा भाग होतो.

तुकड्यांचं अर्थकारण याच रांगेतलं. ४० लाख रुपये एकराची शेती गुंठ्याला दोन लाख दराने विकली, तर रस्त्याची जागा सोडूनही पैसे दुपटीच्या जवळ जातात. तुकडेबंदीचा कायदा १९४७ पासून आहे. २०२३ मध्ये प्रमाणभूत क्षेत्र जिरायतीला २० आणि बागायतीला १० गुंठे ठरलं. तरीही शहरांभोवती गुंठेवारी फोफावली. आधी ती नियमित करण्यासाठी २००१ मध्ये कायदा आला, २०२१ मध्ये मुदत वाढली, आणि २०२५ मध्ये नागरी भागांपुरती तुकडेबंदीच सैल करण्याचं सरकारने जाहीर केलं. स्वस्त गुंठा घेणाऱ्याने खरं तर कमी भावाची जमीन घेतलेली नसते. त्याने अपुरा हक्क अपुऱ्या भावाने घेतलेला असतो.

प्राप्तिकराचाही हात यात आहे. नगरपालिका हद्दीपासून ठरावीक हवाई अंतराबाहेरची शेतजमीन विकली तर भांडवली नफ्याचा कर लागत नाही. शहराच्या लोकसंख्येनुसार ही मर्यादा २, ६ किंवा ८ किलोमीटर. या अदृश्य वर्तुळाच्या आत आणि बाहेर विकणाऱ्याच्या हाती पडणारी रक्कम वेगळी असते, मग बोलीही वेगळी होते.

तक्त्यातला दर, तोंडी दर

या सगळ्याची सरकारी बेरीज म्हणजे रेडी रेकनर. मुद्रांक शुल्कासाठी नोंदणी विभाग दरवर्षी हे वार्षिक बाजारमूल्य दर तक्ते काढतो. पूर्वी ते १ जानेवारीला यायचे, २०१६ पासून १ एप्रिलला. शहरात विभागवार चौरस मीटरचे दर, गावात हेक्टरचे. गावच्या शेतजमिनीचे दर आजही सात-बाऱ्यावरच्या आकाराच्या टप्प्यांनुसार लावलेले दिसतात, म्हणजे दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वीची मातीची पारख अजून नोकरीत आहे.

तक्ता सरासरी सांगतो. वाट, भूखंडाची ठेवण, वाद आणि वर्ग त्याला नीट दिसत नाहीत, आणि वेगाने बदलणाऱ्या भागात तो मागे राहतो. मग व्यवहार एका रकमेला होतो आणि खरेदीखत तक्त्याच्या आसपास नोंदवलं जातं. ही लबाडी पुढे अंगाशी येते. २०१३ च्या भूसंपादन कायद्यानुसार बाजारमूल्य काढताना आधीच्या तीन वर्षांतल्या आसपासच्या नोंदणीकृत व्यवहारांपैकी वरच्या निम्म्यांची सरासरी हा एक मुख्य आधार असतो. ज्या गावाने शुल्क वाचवायला व्यवहार कमी दाखवले, त्या गावाच्या भरपाईचा पायाच खाली जातो. ग्रामीण भागातला गुणक आणि शंभर टक्के दिलासा रक्कम लागू होते ती या खाली गेलेल्या आकड्यालाच.

म्हणून कोणी ‘तिथे गुंठ्याला इतका रेट चालू आहे’ म्हटलं, की तो आकडा सुटा घेऊ नये. पाणी कोणतं, वाट कोणाची, पट्टा कोणता, वर्ग कोणता आणि हा दर बोलीचा की खरेदीखतातला, एवढं विचारल्याशिवाय दोन जमिनींची तुलनाच होत नाही.

वाढलेला भाव कोणाचा?

आणखी एक प्रश्न व्यवहारापलीकडचा आहे. कालवा, महामार्ग, आराखडा, एफएसआय यांतलं काहीही जमीनमालकाने केलेलं नसतं. भाव समाजाच्या पैशाने आणि सरकारच्या सहीने वाढतो. तो ज्याच्या हाती त्या क्षणी जमीन असेल, त्याच्या पदरात पडतो. नवी मुंबईसाठी ज्यांच्या शेती आणि मिठागरं गेली, त्यांना आधी मातीच्या हिशोबाने मोबदला मिळाला, शहराच्या नव्हे. १९८४ च्या जानेवारीत उरण परिसरातल्या आंदोलनात गोळीबार होऊन पाच जण गेले. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. विमानतळाच्या वेळी हा वाटा साडेबावीस टक्क्यांवर गेला. पुण्यात हडपसरच्या मगर मंडळींनी दुसरा रस्ता धरला. सुमारे १२० कुटुंबांनी ४०० एकरांच्या आसपास जमीन एकत्र केली, जमिनीच्या प्रमाणात कंपनीचे भाग घेतले आणि मगरपट्टा सिटी स्वतः उभारली. शेवटी उरणारी रक्कम बिल्डरकडे न जाता त्यांच्याकडे राहिली.

दोन्ही उदाहरणांत एक गोष्ट समान आहे : मालकांनी शेतीच्या भावाने पूर्ण बाहेर पडायला नकार दिला. बहुतेकांना तशी संधी मिळत नाही. आराखड्याची रेघ अधिकृतपणे जाहीर होण्याआधी ती कोणाला तरी कळलेली असते, आणि तो माणूस एकरांच्या भावाने घेऊन चौरस फुटांच्या भावाने विकतो. जमिनीच्या बाजारातली सर्वांत मोठी विषमता ही माहितीची आहे. नियोजित रस्ते, इंटरचेंज, पट्टे बदल आणि पाण्याच्या योजना यांचे नकाशे गावच्या चावडीवर दलालाच्या आधी पोचले, तर भाव कमी होणार नाही, पण तो कोणाच्या खिशात जातो ते मात्र नक्की बदलेल.